हिमालयातली सिरफिड माशी ‘नवी’ आहे म्हणायचं, तर…

रोहतांगच्या वर किंवा तुंगनाथच्या बुग्याळात, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणात, काढलेला माशीचा फोटो पाठवून ‘ही नवी प्रजाती असेल का?’ असं विचारणारे मेसेज आता वरचेवर येतात. मराठी मंडळी हिमालयात ट्रेकला जातातच, आणि मॅक्रो लेन्सही आता बऱ्याच जणांकडे असते. उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: असेलही, पण फोटोवरून कुणी सांगू शकणार नाही. डोंगरावर माशी सापडते. ती नवी आहे की नाही हे कळायला पुढे दीड-दोन वर्षं सहज जातात. तो वेळ मायक्रोस्कोप, जुने कॅटलॉग आणि संग्रहालयांशी होणारा पत्रव्यवहार यांत खर्ची पडतो. ज्यांना हे सगळं करायचंच आहे, त्यांच्यासाठी हा लेख.

आधी घरच्या माश्या ओळखा

सिरफिडी हे द्विपंखी कीटकांमधलं मोठं कुळ. जगात सहा हजारांवर प्रजातींची नोंद आहे, भारतात साडेतीनशेच्या घरात. शेतकऱ्यांना ही ‘सिरफिड माशी’ म्हणून ठाऊक आहे, कारण यातल्या अनेकींच्या अळ्या पिकावरचा मावा फस्त करतात. प्रौढ माशी फुलांवर असते, हवेत एका जागी स्थिर राहते, आणि अंगावरच्या पिवळ्या-काळ्या पट्ट्यांमुळे गांधीलमाशी किंवा मधमाशी वाटते.

हिमालयाचं तिकीट काढण्याआधी एक हंगाम आपल्याकडेच घालवा. ज्वारीच्या किंवा कोबीच्या मावा पडलेल्या प्लॉटवर इस्किओडॉन स्कुटेलारिस हमखास भेटेल. साचलेल्या घाण पाण्याच्या आसपास एरिस्टॅलिनस दिसेल, ठिपकेदार डोळ्यांची. पकडलेल्या माशीचा पंख भिंगाखाली धरा. पंखाच्या मधोमध, दोन खऱ्या शिरांच्या मध्ये, एक जाडसर घडी दिसते. शिरेसारखी दिसते, पण तिची दोन्ही टोकं कुठल्याच शिरेला मिळत नाहीत. ही आभासी शीर या कुळाची सर्वात सोयीची खूण. मोजक्या प्रजातींत ती पुसट असते किंवा नसतेच, पण सुरुवात तिथूनच करायची. नर-मादी ओळखायला डोळे बघा. बहुतेक नरांचे डोळे डोक्यावर एकमेकांना भिडलेले असतात, माद्यांच्या डोळ्यांत अंतर असतं. पुढचं जवळजवळ सगळं काम नरांवर होतं, त्यामुळे ही नजर बसलीच पाहिजे.

परवानग्या

कंटाळवाणा भाग आहे, पण टाळता येत नाही. राष्ट्रीय उद्यानात किंवा अभयारण्यात जाळं फिरवायचं तर त्या राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. व्हॅली ऑफ फ्लॉवर्स हे राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे ‘एकच माशी तर घेतोय’ ही सबब चालत नाही. जैवविविधता कायदा, 2002 च्या कलम 39 नुसार नवीन वर्गीकरणीय घटक शोधणाऱ्याने त्याची माहिती अधिकृत भांडाराला द्यायची आणि नमुनेही तिथेच जमा करायचे असतात. प्राण्यांसाठी असं भांडार म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण, अर्थात झेडएसआय. मुख्यालय कोलकात्याला, पण आपल्याला जवळचं केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे आणि हिमालयी कामासाठी सोलनला वेगळं उच्चस्थलीय केंद्र आहे. यांपैकी एका ठिकाणच्या माशीतज्ज्ञाशी आधीच ओळख करून घ्या. परदेशी सहकाऱ्याला नमुना किंवा नुसता पाय पाठवायचा असेल, तर आधी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम वाचा.

डोंगरावर

वृक्षरेषेच्या वरची माशी सूर्याच्या तालावर चालते. ऊन असेपर्यंत ती पोटेंटिला, जिरेनियम, कॅल्था आणि छत्रीसारख्या फुलोऱ्यांवर दिसते. ढग आला की पाच मिनिटांत सगळं सामसूम. म्हणून सकाळी उन्हं आल्यापासून दुपारचे ढग चढेपर्यंतचा वेळ सोन्याचा. चहा-नाश्ता त्याआधी उरका. ऊन परत आलं की आधी तापलेल्या दगडांकडे बघा, माश्या तिथे अंग शेकत बसलेल्या असतात. माथ्यावरच्या मोकळ्या जागीही थांबा. काही प्रजातींचे नर माद्यांची वाट बघत शिखरावर घिरट्या घालतात आणि खालच्या फुलांवर फारसे दिसतच नाहीत.

जाळ्यात माशी आली की जाळ्याचं टोक वर धरा. माशी वर चढते, तोंडाकडे येत नाही. मुक्काम जास्त दिवसांचा असेल तर मॅलेझ ट्रॅप लावावा. हा तंबूसारखा सापळा रने मॅलेझ या स्वीडिश कीटकतज्ज्ञाने ब्रह्मदेशातल्या मोहिमेत वापरून बघितला आणि 1937 मध्ये प्रसिद्ध केला. तंबूत शिरलेले कीटक बाहेर पडायला वरच्या कोपऱ्याकडेच जातात, हे त्याच्या लक्षात आलं होतं. मात्र या सापळ्याच्या बाटलीत सहसा अल्कोहोल असतं, आणि सिरफिडच्या बाबतीत हीच अडचण आहे. हिच्या चेहऱ्यावर आणि पाठीवर अगदी बारीक पिठूळ थर असतो. प्लॅटिकायरस, कायलोसिया अशा डोंगरी जीनसमध्ये (जीनस म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट) त्या थराची मांडणी हीच ओळख असते. अल्कोहोलमधून काढलेल्या माशीचे केस चिकटतात आणि तो थर नीट वाचता येत नाही. तेव्हा मुख्य नमुने जाळ्याने पकडलेले, कोरडे हवेत. इथाइल अ‍ॅसिटेटच्या बाटलीत टिश्यू पेपरच्या घड्या ठेवा, आत दव साचू देऊ नका, आणि एका बाटलीत पतंग व माश्या एकत्र टाकू नका. पतंगांच्या पंखांवरची भुकटी माशीवर बसली की ती काढता काढता नाकी नऊ येतात. इथाइल अ‍ॅसिटेट आणि तीव्र अल्कोहोल विमानातून नेता येत नाही, तेव्हा त्याची सोय तिकडेच करावी लागते.

टाचणी शक्यतो त्याच संध्याकाळी लावा. छातीच्या मध्यरेषेच्या जरा उजवीकडे टोचायची, म्हणजे डावी बाजू पूर्ण शाबूत राहते. माशी अजून मऊ असतानाच नराच्या पोटाचं टोक आकडा केलेल्या बारीक सुईने हलकेच बाहेर ओढून ठेवा. त्याचं कारण पुढे येईल. एक मधला पाय काढून तीव्र इथेनॉलच्या छोट्या कुपीत टाका आणि कुपीवर नमुन्याचाच क्रमांक घाला.

मग लेबल. देश, राज्य, जिल्हा, ठिकाण, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, पकडणाऱ्याचं नाव, पद्धत. महिना रोमन आकड्यात लिहायची रीत आहे, म्हणजे तारीख आणि महिना यांची गल्लत होत नाही. ‘मनालीजवळ’ असं लिहिलेल्या लेबलाचा शंभर वर्षांनी कुणालाच उपयोग नसतो. खाली मनालीत देवदार आहेत आणि वर रोहतांगला, 3978 मीटरवर, झाडच नाही. माश्याही अर्थात वेगळ्या. कोणत्या फुलावर होती तेही लिहा.

रंगाला भुलू नका

नवखा माणूस इथे हमखास फसतो, म्हणून जरा थांबून सांगतो. थंडीत वाढलेली सिरफिड काळी होते. एपिसिरफस बाल्टिएटस ही युरोप-आशियात सर्रास दिसणारी केशरी-काळी माशी प्रयोगशाळेत वाढवून हे तपासलेलं आहे. कोष कमी तापमानात ठेवला की प्रौढाच्या पोटावरचे काळे पट्टे रुंदावतात आणि केशरी भाग आक्रसतो. एरिस्टॅलिस जीनसमध्येही तसंच. म्हणजे एकाच आईची अंडी एक पुण्यात आणि एक 3500 मीटरवर वाढली, तर दोन माश्या शेजारी ठेवून कुणीही ‘या वेगळ्या’ म्हणेल. उंचीवर काळा रंग ऊन शोषायला उपयोगी पडत असल्यामुळे हा कल बऱ्याच गटांत दिसतो. शिवाय केसांची लांबी-दाटी ऋतूप्रमाणे बदलते, अंगाचा आकार अळीला किती खायला मिळालं त्यावर ठरतो.

त्यामुळे ‘पोटावरचे पिवळे डाग लहान’ एवढ्या एका भांडवलावर नवी प्रजाती उभी करू नये. एकाच ठिकाणचे पाच-दहा नर ओळीने लावा. डागांचा आकार लहानापासून मोठ्यापर्यंत सलग सरकत गेला तर तो निव्वळ फरक. मधली पायरीच सापडत नसेल आणि सोबत शरीररचनेतली दुसरी एखादी खूणही तुटक बदलत असेल, तर कान टवकारायचे.

रचनेतल्या खुणा म्हणजे काय, ते प्लॅटिकायरसमध्ये छान बघायला मिळतं. सहा ते दहा मिलिमीटरची, काळपट, दूरवरून अगदी सामान्य वाटणारी माशी. पण नराचा पुढचा पाय भिंगाखाली धरला की बहुतेक प्रजातींत शेवटचे खंड वल्ह्यासारखे पसरट झालेले दिसतात. कुठल्या खंडापासून रुंदी सुरू होते, खालच्या बाजूला काळा ठिपका आहे का, मांडीच्या मुळाशी केसांचा झुपका सरळ की टोकाशी वळलेला, एखादा लांब पांढरा केस एकटाच उभा आहे का, यावर प्रजाती ठरतात. माद्यांमध्ये यातलं काहीच नसतं. एकट्या मादीवरून प्लॅटिकायरसची नवी प्रजाती लिहायला बसणाऱ्याला मी तरी थांबायलाच सांगेन.

जननांगं बघणं

सिरफिड नराची जननांगं पोटाच्या टोकाखाली दुमडलेली असतात. मघाशी ती ओढून ठेवायला सांगितली ती यासाठी. वाळलेला नमुना असेल तर ओल्या वाळूच्या बंद डब्यात रात्रभर मऊ करा, डब्यात बुरशी येऊ नये म्हणून फिनॉलचा एखादा स्फटिक टाका. मग टोक सोडवून दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवा. गरम पाण्यात धरलेल्या परीक्षानळीत काही मिनिटं पुरतात, घाई नसेल तर साध्या तापमानाला रात्रभर. स्नायू विरघळून पिवळसर, अर्धपारदर्शक कवच उरलं की थांबा; जास्त ठेवलं तर फिकट होऊन कडाच दिसत नाहीत. पाण्यात धुवा, पाण्यातच अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचा थेंब टाकून क्षार मारा, आणि ग्लिसरिनमध्ये घ्या.

आता वरून, बाजूने आणि खालून बघायचं. बाजूला दोन सर्स्टायलस, म्हणजे पकडीसारखे भाग, असतात, त्यांचा बाह्याकार आणि आतल्या बाजूचे काटे टिपा. मध्ये एडीगस, म्हणजे नराचं शिश्न, त्याला कडा, दात, आकडे असतात. एकाच कोनातून सगळे नमुने बघणं फार महत्त्वाचं. पाच अंशांचा कोन बदलला की सर्स्टायलसचं टोक बोथटाचं टोकदार होतं आणि तुम्हाला नसलेली प्रजाती दिसू लागते. ग्लिसरिन जेलीत अडकवून चित्र काढा. फोटोही घ्या, पण हाताने काढलेली रेषा अजून फोटोपेक्षा जास्त सांगते, कारण काढताना प्रत्येक काटा मोजावा लागतो. काम झालं की तो भाग ग्लिसरिनच्या इवल्या कुपीत घालून ती कुपी त्याच माशीच्या टाचणीवर खोचा. ती हरवली तर अर्धा नमुना गेला.

जुनं साहित्य आणि मूळ नमुने

हिमालय हा पॅलिआर्क्टिक (युरोप-उत्तर आशिया) आणि ओरिएंटल (दक्षिण-आग्नेय आशिया) या दोन प्राणीभौगोलिक प्रदेशांच्या शिवणीवर आहे. याचा सरळ अर्थ म्हणजे दुप्पट वाचन. भारतासाठी सुरुवात एन्रिको ब्रुनेटीच्या 1923 च्या फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया मालिकेतल्या खंडापासून. हा गृहस्थ पेशाने वादक होता, कोलकात्यात राहून माश्यांवर काम करायचा. खंड अजून उपयोगी आहे, पण त्यातली नावं बदलली आहेत. आजची एपिसिरफस बाल्टिएटस तिथे सिरफस बाल्टिएटस आहे. मग 1975 चा ओरिएंटल कॅटलॉग, 1988 चा पॅलिआर्क्टिक कॅटलॉग, नेपाळच्या माश्यांवर आर. एल. को यांचा 1964 चा लेख, आणि कुमार घोरपडे यांनी 2014 मध्ये कोलेमेनिया या नियतकालिकात दिलेली भारतीय उपखंडाची यादी. चिनी साहित्य सोडू नका. सिचुआन, तिबेट, युन्नानच्या माश्या तुमच्या माशीच्या सख्ख्या शेजारी आहेत, आणि वर्णन चिनी भाषेत असलं तरी चित्रं सगळ्यांना कळतात. मध्य आशियाचं रशियन साहित्यही असंच. लडाखची ‘नवी’ माशी पामीरमध्ये आधीच नोंदलेली निघण्याची शक्यता कायम धरून चाला.

वाचून संशय उरतोच, कारण एकोणिसाव्या शतकातली वर्णनं चार ओळींची असतात. ‘काळी, पाय पिवळे, डाग तीन जोड्या’ यात डझनभर प्रजाती बसतात. अशा वेळी होलोटाइप बघणं हाच उपाय. होलोटाइप म्हणजे ज्या एका नमुन्याशी ते नाव कायमचं बांधलेलं आहे तो. ब्रुनेटीचे काही कोलकात्यात आहेत, काही लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये. एकोणिसाव्या शतकातल्या वीडेमान या जर्मन कीटकतज्ज्ञाच्या माश्या कोपनहेगन आणि व्हिएन्नामध्ये. क्युरेटरला नेमकं पत्र लिहा: अमुक नावाचा टाइप, नराच्या पुढच्या पायाचा आणि जननांगांचा अमुक कोनातून फोटो हवा आहे, सोबत माझ्या नमुन्याचे फोटो जोडतो आहे. ‘सगळ्या भारतीय सिरफिडचे फोटो पाठवा’ असं लिहिलं तर उत्तराची वाट बघत बसाल.

डीएनए

कुपीतल्या पायातून सीओआय जनुकाचा 658 अक्षरांचा तुकडा, म्हणजे बारकोड, काढून घ्या. नर-मादी जोडायला तो फार कामाचा. पण सिरफिडमध्ये काही जीनस, स्फेरोफोरियासारखे, असे आहेत की रचनेने स्पष्ट वेगळ्या प्रजातींचा बारकोड जवळजवळ सारखा येतो. उलट एकाच प्रजातीत दूरच्या डोंगरांमध्ये फरकही पडतो. अमुक टक्के फरक म्हणजे नवी प्रजाती, असं सूत्र इथे चालवू नका.

लिहायला बसा

आंतरराष्ट्रीय प्राणी नामकरण संहितेची चौथी आवृत्ती 2000 पासून लागू आहे. तिच्या काही अटी चुकल्या तर तुमचं नाव कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच येत नाही. प्रजाती नवी असल्याचं लेखात स्पष्ट म्हटलेलं हवं. होलोटाइप कोणता ते नेमून द्यायला हवं आणि तो कोणत्या संग्रहात आहे तेही लिहायला हवं. वेगळेपणाच्या खुणा शब्दांत हव्यात. नुसते सुंदर फोटो देऊन भागत नाही. लेख फक्त ऑनलाइन निघणार असेल तर 2012 च्या दुरुस्तीनुसार आधी झूबँकमध्ये, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत, नोंद करून ती नोंद लेखातच दाखवावी लागते.

सगळ्यात जास्त मेहनत निदानाच्या, म्हणजे ही प्रजाती जवळच्यांपासून वेगळी कशी ते सांगणाऱ्या, परिच्छेदावर घ्या. ‘ही प्रजाती इतरांपेक्षा रंगाने गडद असून आकर्षक आहे’ हे वाक्य लगेच खोडा. त्याऐवजी, समजा: ‘नराच्या पुढच्या पायाचा पहिला टार्सल (नडगीखालचा) खंड नडगीच्या टोकाच्या दुप्पट रुंद, खालून काळ्या ठिपक्याविना, जवळच्या प्रजातीत तो नडगीएवढाच रुंद आणि ठिपकेदार.’ नेमक्या कोणत्या प्रजातीशी तुलना आहे ते नाव घेऊन सांगा, प्रत्येक खुणेला दोन्ही बाजू द्या. सविस्तर वर्णन त्यानंतर: डोकं, छाती, पंख, पाय, पोट, जननांगं याच क्रमाने, एकच परिभाषा शेवटपर्यंत. सिरफिडवाले बहुधा एफ. ख्रिश्चन थॉम्पसन यांच्या 1999 च्या लेखातली शब्दावली घेतात. पॅराटाइपमधला, म्हणजे होलोटाइपसोबत नेमलेल्या बाकीच्या नमुन्यांमधला, फरकही लिहा, लपवू नका. जीनसची आधीची ओळखकिल्ली, म्हणजे खुणांवरून पायरीपायरीने प्रजातीपर्यंत नेणारा तक्ता, असेल तर तुमची माशी तिच्यात कुठे बसते ते दाखवा. पुढचा माणूस लेखातलं बाकी काही वाचो न वाचो, किल्ली वाचतोच.

नावाचं बघताना व्याकरण सांभाळा. विशेषण जीनसच्या लिंगाप्रमाणे चालतं. प्लॅटिकायरस पुल्लिंगी, म्हणून काळ्या माशीला नायजर; कायलोसिया स्त्रीलिंगी, म्हणून नायग्रा. गावावरून नाव द्यायचं तर शेवटी एन्सिस लावायची पद्धत आहे. आधी त्या जीनसमध्ये तेच नाव कुणी वापरलंय का ते तपासा. ‘हिमालय’वरून केलेली नावं अनेक जीनसमध्ये कधीच संपली आहेत. स्वतःचं नाव स्वतःच्या माशीला देऊ नका. संहिता ते अडवत नाही, पण लोक हसतात.

लेख कुठे द्यायचा? झूटॅक्सा, झूकीज, कोइम्बतूरहून निघणारं जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा, झेडएसआयचं स्वतःचं रेकॉर्ड्स हे ओळखीचे पर्याय. चार दिवसांत छापून देतो म्हणणाऱ्या, पैसे मागणाऱ्या अनोळखी नियतकालिकांच्या वाटेला जाऊ नका. तिथे छापलेलं नावही वैध ठरू शकतं, मग त्यातला गोंधळ निस्तरायला दुसऱ्या कुणाला तरी वर्षं घालावी लागतात. छापून येईपर्यंत ते नाव फेसबुकवर, वर्तमानपत्रात किंवा प्रबंधाच्या सारांशात कुठेही टाकायचं नाही. फोटो टाका, गाव सांगा, पण नाव नको.

परीक्षकांचे शेरे येतील, त्यातला निदान एक ‘अमुक चिनी प्रजातीशी तुलना का नाही?’ असा असेलच. तेवढ्यासाठी माश्या झेडएसआयमध्ये द्यायची घाई करू नका, हाताशी असू द्या. लेख स्वीकारला गेला की होलोटाइपला लाल लेबल लावा, नमुने जमा करून नोंदणी क्रमांक घ्या, आणि अंतिम प्रुफात तो क्रमांक लेबलाशी अक्षर न् अक्षर जुळतोय का ते बघा. अंक उलटसुलट होतात ते इथेच.